पी०१७१ आला म्हणून लगेच सेन्सर बदलू नका

कसारा घाट चढताना चेक इंजिनचा पिवळा दिवा लागला. गाडी २०१३ची, पेट्रोलवर घेतलेली, नंतर बाहेरून सीएनजी किट बसवलेली. त्या दिवशी सीएनजीची रांग बघून पेट्रोलवरच निघालो होतो. गाडी चालत होती, फक्त तिसऱ्या गिअरमध्ये पिकअप मेल्यासारखा वाटत होता. नाशिकला गॅरेजमध्ये स्कॅनर लावला, पी०१७१ हा बिघाडाचा कोड दिसला आणि निदान झालं: "ऑक्सिजन सेन्सर गेलाय." नवा सेन्सर बसला, कोड पुसला, दिवा गेला. पुढच्या शनिवारी त्याच घाटात, जवळपास त्याच वळणावर, दिवा परत हजर.

पी०१७१चा अर्थ एवढाच, की सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुरात ऑक्सिजन जास्त आहे, म्हणजे मिश्रण लीन आहे (हवेच्या मानाने पेट्रोल कमी), आणि इंजिनचा संगणक, म्हणजे ईसीयू, पेट्रोल वाढवून वाढवून थकला. ही तक्रार ऑक्सिजन सेन्सरच करतो. त्यालाच बदलणं म्हणजे चोरीची फिर्याद द्यायला आलेल्या माणसाला कोठडीत टाकणं. कधीकधी फिर्यादी खोटारडा निघतो, नाही असं नाही. पण ते तपासून ठरवायचं.

पुढे लिहिलंय ते जुन्या पेट्रोल गाड्यांसाठी, ज्यांत इंजेक्टर इनटेक मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्यांमध्ये, पेट्रोल फवारतो. डिझेल कॉमन रेल किंवा थेट सिलिंडरमध्ये इंजेक्शन असलेली गाडी असेल, तर कोड आणि आकडे वाचण्यापुरतंच घरी करा, पाइप सोडू नका. कॉमन रेलमध्ये दाब हजार बारच्या वर जातो आणि अशी बारीक धार कातडी फोडून आत शिरते.

आधी स्कॅनरचं बघू

भारतात ओबीडीचा, म्हणजे गाडीने स्वतःचे बिघाड ओळखून कोड ठेवण्याच्या यंत्रणेचा, पहिला टप्पा एप्रिल २०१० पासून आणि दुसरा एप्रिल २०१३ पासून लागू झाला. २०१३ नंतरच्या गाडीत स्टिअरिंगखाली १६ पिनांचं सॉकेट असतं आणि साधा ईएलएम३२७ जातीचा ब्लूटूथ अडॅप्टर व मोबाइलमधलं टॉर्क किंवा कार स्कॅनरसारखं ॲप एवढ्यावर काम भागतं. त्याआधीच्या गाडीत सॉकेट तसंच दिसलं तरी फसू नका. कंपनीची आपली वेगळी भाषा असेल तर स्वस्त अडॅप्टर मुकाट बसून राहतो. तिथे गॅरेजचा स्कॅनरच लागतो. आणखी जुन्या काही एमपीएफआय (दर सिलिंडरला वेगळा इंजेक्टर असलेल्या) गाड्यांत डायग्नोसिसच्या कपलरमधल्या ठरावीक पिना वायरने जोडल्या की दिवा लुकलुकून दोन आकडी कोड सांगतो. कोणत्या पिना, ते त्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये बघूनच करा, अंदाजाने जोडल्या तर ईसीयू जायचा.

दिवा स्थिर जळत असेल तर घरापर्यंत आरामात या. लुकलुकत असेल तर इंजिन जोरात मिसिंग करतंय, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन नीट पेटतच नाहीये, आणि न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे धूर शुद्ध करणाऱ्या डब्यात, जाऊन तो तापतोय. पाय हलका करा, बाजूला घ्या.

आणि काहीही करा, कोड आधी पुसू नका. बॅटरीची वायरही काढू नका, परिणाम तोच होतो. कोडबरोबर ईसीयूने एक फोटो काढून ठेवलेला असतो, फ्रीझ फ्रेम. दिवा लागला त्या क्षणी आरपीएम किती, वेग किती, लोड किती, कूलंट किती तापलेलं, ट्रिम (पेट्रोलमधली वाढ-घट, पुढे सांगतो) किती. पुसलं की हे सगळं जातं. माझ्या बाबतीत पहिल्या वेळेचा पुरावा गॅरेजमध्येच गेला. दुसऱ्या वेळी मी आधी स्क्रीनशॉट घेतला: लोड ७४ टक्के, वेग ४१, आरपीएम ३,०००च्या आसपास, कूलंट ९१ अंश. म्हणजे गरम इंजिन, ओझं खेचताना. निम्मं निदान इथेच झालं होतं.

कोड एकाहून जास्त असतील तर क्रम महत्त्वाचा. पी०१७१बरोबर पी०३०० ते पी०३०४ यांपैकी काही असेल तर आधी मिसिंगचा बंदोबस्त करा, म्हणजे प्लग आणि कॉइल. ज्या सिलिंडरमध्ये ठिणगीच पडत नाही, तिथला ऑक्सिजन न जळता बाहेर येतो आणि सेन्सरला वाटतं मिश्रण लीन आहे. पी०२०१ ते पी०२०४ असतील तर त्या त्या इंजेक्टरची वायर, कपलर आणि कॉइल बघा. बहुतेक अशा इंजेक्टरचा रोध साधारण १२ ते १६ ओहम भरतो. पावसाळ्यात उभ्या राहिलेल्या गाडीत उंदरांनी वायर कुरतडलेली असणं ही आपल्याकडची नेहमीची गोष्ट, त्यामुळे सुटा भाग घ्यायच्या आधी टॉर्च मारून बघा. पी०१३५ हा पुढच्या ऑक्सिजन सेन्सरच्या हीटर सर्किटचा कोड. तो असेल तर त्याचा फ्यूज, वायर आणि हीटर तपासून आधी तेवढं मार्गी लावा.

ट्रिम वाचायला शिका

हे एक जमलं तर बाकीचं अर्धं काम आपोआप होतं. ईसीयूकडे पेट्रोलचा एक पाठ केलेला हिशेब असतो. ऑक्सिजन सेन्सर सांगतो तसा तो त्यात वाढ-घट करतो. तात्पुरती वाढ-घट म्हणजे शॉर्ट टर्म ट्रिम, तो सतत हलतो. तीच दुरुस्ती कायम करावी लागते असं दिसलं की ती लाँग टर्म ट्रिममध्ये जमा होते. आकडा टक्क्यांत. अधिक म्हणजे पेट्रोल वाढवावं लागतंय, उणे म्हणजे कमी करावं लागतंय. दोन्हींची बेरीज बघायची. बेरीज दहाच्या आत असली तर माझ्या मते जुन्या गाडीला चिंता नको. वीस-पंचवीसच्या पलीकडे गेली आणि तशीच राहिली की कोड येतो, आणि बहुतेक गाड्यांत लागोपाठ दोन फेऱ्यांत तेच दिसल्यावर दिवा लागतो.

इंजिन पूर्ण गरम करा, एसी बंद, ॲपमध्ये क्लोज्ड लूप दिसतंय याची खात्री करा. ओपन लूप असेल तर ईसीयू सेन्सरचं ऐकतच नाही आणि तेव्हाचा शॉर्ट टर्म आकडा निरर्थक. मग तीन ठिकाणी बेरीज लिहून घ्या: आयडलला (ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन चालू असताना), उभ्या गाडीत रेस करून २,५०० आरपीएमला आणि चढावर. चढावरचं वाचन शेजारच्याने करावं किंवा ॲपमध्ये रेकॉर्डिंग लावून नंतर घरी बघावं. चालवताना मोबाइलमध्ये डोळे घालू नका. चढावर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबायचाही नाही, पूर्ण दाबला की बऱ्याच गाड्या ओपन लूपमध्ये जातात.

आयडलला बेरीज मोठी आणि रेस केल्यावर कमी होत असेल, तर कुठूनतरी चोरून हवा आत येतेय. कमी हवेत ती चोरी मोठी दिसते, जास्त हवेत बुडून जाते. उलट, आयडलला ठीक आणि ओझ्यावर वाढत जात असेल तर पेट्रोल पुरत नाहीये: फिल्टर, पंप, पंपाची वायर. सगळीकडे सारखीच वाढलेली असेल तर सेन्सर, इंधनाचा दाब किंवा इंधन स्वतःच.

माझे आकडे: आयडल अधिक ६, २,५०० ला अधिक ११, घाटात अधिक २३. नव्या सेन्सरसकट.

इथे एक गोम आहे, जी परदेशी व्हिडिओ बघून काम करणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. वरचा हवाचोरीचा नियम एअरफ्लो मीटर असलेल्या गाडीला चपखल बसतो. आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या पेट्रोल गाड्यांत तो मीटर नसतो, मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा मॅप सेन्सर असतो. त्यात चोरून हवा आली की दाब वाढतो, ईसीयू त्या हिशेबाने पेट्रोलही वाढवतो. त्यामुळे ट्रिम बिघडेलच असं नाही, आयडल मात्र वर चढतं. म्हणजे अशा गाडीत आयडल चढलेलं असेल तर ट्रिम चांगला दिसला तरी होज तपासा, आणि आयडल शांत असताना ट्रिम वाईट असेल तर होजच्या मागे आठवडा घालवू नका.

फुकटातल्या तपासण्या

रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची सकाळी चावी फक्त ऑन करा, इंजिन चालू करू नका. कूलंट आणि इनटेक हवेचं तापमान जवळपास सारखं दिसलं पाहिजे, तीन-चार अंशांचा फरक चालेल. कूलंट सेन्सर ऐन मे महिन्यात ५ अंश दाखवत असेल तर ईसीयू बिचारा थंडी समजून पेट्रोल ओततोय.

त्याच स्थितीत मॅप सेन्सर बाहेरच्या हवेचा दाब दाखवतो. मुंबई, रत्नागिरी, पणजी अशा किनाऱ्यावर तो १०० किलोपास्कलच्या आसपास हवा. पुणे-नाशिकला ९४-९५ आणि महाबळेश्वरला ८६ च्या जवळ. मोबाइलवरच्या हवामानाच्या आकड्याशी तुलना करू नका, तो समुद्रसपाटीला आणून दिलेला असतो. पुण्यात सेन्सर ८८ सांगत असेल तर तो हवा कमी मोजतोय, ईसीयू पेट्रोल कमी देतोय आणि तुम्हाला मिळतो पी०१७१. कपलर काढून साफ करा, तरीही तसंच असेल तर तो सेन्सर बदलायला हरकत नाही. एअरफ्लो मीटरची गाडी असेल तर त्याची तार धुळीने माखलेली असू शकते. त्यासाठी मिळतो तोच स्प्रे वापरा, कार्ब्युरेटर क्लीनर त्यावर मारू नका.

मग कान लावा. थंड इंजिन सुरू केल्यावर मॅनिफोल्डजवळ टिकटिक आवाज आणि जोडावर काजळी म्हणजे एक्झॉस्टचं पॅकिंग गेलंय. सेन्सरच्या आधी असं छिद्र असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सेन्सर खोटं लीन सांगतो. इनटेकच्या बाजूला ब्रेक बूस्टरचा होज, पीसीव्हीचा (इंजिनच्या पोटातल्या वाफा इनटेककडे नेणारा) होज, ऑइल डिपस्टिक नीट बसलीय का ते बघा. पीसीव्हीचा होज वरून धडधाकट दिसतो आणि वळणावर खालच्या बाजूने फाटलेला असतो, बोट फिरवूनच कळतं. शंका असेल तिथे साध्या पाण्याचा बारीक फवारा मारा. पाणी भेगेत ओढलं गेलं की आयडल क्षणभर बदलतं. कॉइलवर मारू नका. गॅरेजमध्ये यासाठी ब्रेक क्लीनर मारतात, पण तापलेल्या एक्झॉस्टशेजारी पेट घेणारा स्प्रे मारायची मला हौस नाही.

ऑक्सिजन सेन्सरची परीक्षा आता घ्या. साध्या सेन्सरचा व्होल्टेज गरम इंजिनवर ०.१ ते ०.९ च्या मध्ये सारखा वर-खाली झाला पाहिजे. तो ०.१ ला चिकटलेला असेल तर कोणाला तरी २,००० आरपीएमवर धरायला सांगा आणि एअर फिल्टरच्या पुढच्या नळीत कार्ब क्लीनरची अगदी छोटी फुंकर द्या. व्होल्टेज टुणकन ०.८ च्या वर गेला तर सेन्सर खरं बोलतोय. हललाच नाही, तर त्याला बदला. ही दोन मिनिटांची परीक्षा आधी घेतली असती तर माझा जुना सेन्सर गाडीतच राहिला असता.

सीएनजी आणि इथेनॉल

बाहेरून बसवलेल्या सिक्वेन्शियल किटमध्ये पेट्रोलच्या ईसीयूला बहुतेक वेळा कळतच नाही की आता गॅस चालू आहे. तो नेहमीसारखा इंजेक्शनचा वेळ काढतो, गॅसचा ईसीयू तो वेळ पकडून आपल्या नकाशाप्रमाणे गॅस सोडतो. गॅसचं ट्यूनिंग लीन असेल तर पेट्रोलचा लाँग टर्म ट्रिम अधिककडे सरकत जातो. मग पेट्रोलवर टाकलं की तोच चढलेला ट्रिम पेट्रोलला लागतो आणि मिश्रण रिच, म्हणजे पेट्रोल जास्त. गॅसवर पी०१७१, पेट्रोलवर पी०१७२ हा खेळ इथून होतो. म्हणून तपासणी एकाच इंधनावर करा: दोन-तीन दिवस सलग पेट्रोल, आकडे लिहा, मग सलग गॅस, परत लिहा. फक्त गॅसवर बिघडत असेल तर पेट्रोलचे भाग खोलू नका, किटवाल्याकडे जाऊन ट्यूनिंग आणि गॅस फिल्टर बघून घ्या. गॅसच्या पाइपला स्वतः हात लावायचा नाही. सिलिंडर भरलेला असतो तेव्हा दाब २०० बार असतो.

सीएनजीवाल्यांची दुसरी सवय मला भोवली. पेट्रोल फक्त स्टार्टपुरतं लागतं म्हणून टाकी कायम रिझर्व्हवर. पंप टाकीत असतो आणि पेट्रोलमध्ये बुडून गार राहतो. रिझर्व्हवर तो उघडा पडतो, तापतो, शिवाय तळाचा गाळ ओढतो.

इथेनॉलचं गणित वेगळं. निव्वळ पेट्रोल नीट जळायला वजनाने १४.७ पट हवा लागते, ई१०ला (दहा टक्के इथेनॉल) साधारण १४.१ पट, ई२०ला (वीस टक्के) १३.५ च्या आसपास. म्हणजे ई१०वर शून्य ट्रिम असलेली गाडी ई२०वर गेली की साधारण चार-पाच टक्के अधिक दाखवणार. एवढ्याने कोड येत नाही, पण आधीच अधिक १८ वर रेंगाळणाऱ्या गाडीला तेवढा धक्का पुरतो. "ई२०मुळे दिवा लागला" असं लोक म्हणतात तेव्हा बहुधा जुनं दुखणं उघडं पडलेलं असतं. जुन्या रबरी पाइपांची आणि सिलांची गोष्ट वेगळी, ते इथेनॉलने खराब होऊ शकतात, भेगा आणि ओल बघत राहा. टाकीत पाणी शिरलं तर इथेनॉल त्या पाण्याबरोबर तळाशी जाऊन बसतं आणि पंप नेमका तळातूनच ओढतो. पावसाळ्यात महिनाभर उभी राहिलेली गाडी एकदम मिसिंग करू लागली तर टाकीतलं इंधन बाटलीत काढून दोन थर दिसतात का ते बघा.

इंधनाचा दाब

आता गेज. पोर्ट इंजेक्शनच्या गाड्यांत दाब साधारण ३ बारच्या घरात असतो, नेमका आकडा तुमच्या मॅन्युअलमधून घ्या. बऱ्याच गाड्यांत रेलवर, म्हणजे इंजेक्टरांना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीवर, तपासणीची नळी नसते, मधे टी जोडावी लागते. उघड्यावर काम करा, इंजिन थंड असू द्या, अग्निशामक हाताशी ठेवा, जवळपास देवघरातला दिवासुद्धा नको. पंपाचा रिले काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, मग बॅटरीची निगेटिव्ह काढा, मगच जोडाला कापड गुंडाळून सोडा. हे वाचून हात थरथरत असतील तर गॅरेजमध्ये जा आणि "सेन्सर बदला" न म्हणता "दाब मोजून द्या" म्हणा.

आयडलला दाब बरोबर म्हणून पंप चांगला, असं समजू नका. माझा आयडलला २.९ बार होता. रेस धरून ठेवली की २.२ पर्यंत उतरत होता. असं झालं तर पंप काढण्याआधी चालू गाडीत पंपाच्या कपलरवर व्होल्टेज मोजा. बॅटरीवर १४ आणि तिथे साडेअकरा येत असेल तर दोष वायरीत, रिलेत किंवा गंजलेल्या अर्थिंगमध्ये आहे. माझ्याकडे व्होल्टेज ठीक होता. मागचं सीट उचललं, मॉड्यूल बाहेर काढलं, तर तळाची जाळी तपकिरी गाळाने लिंपलेली.

पी०१७२ आणि टाकीच्या वाफा

रिचचा कोड आला की लोक पहिला एअर फिल्टर बदलतात. ते कार्ब्युरेटरच्या काळातलं ज्ञान आहे. इंजेक्शनच्या गाडीत फिल्टर तुंबला तर हवा कमी येते, ईसीयू पेट्रोलही कमी देतो. पॉवर जाते, मिश्रण फारसं बिघडत नाही.

डिपस्टिक काढून वास घ्या. ऑइलला पेट्रोलचा वास असेल तर इंजेक्टर ठिबकत असेल किंवा थंड इंजिनवर छोट्या छोट्या फेऱ्या फार होत असतील. थर्मोस्टॅट उघडा अडकला असेल तर गाडी कधीच नीट तापत नाही, मायलेज पडतं, पी०१२८ही येऊ शकतो. पेट्रोलचा दाब राखणाऱ्या रेग्युलेटरला व्हॅक्यूमची नळी असेल तर ती काढून बघा, आत पेट्रोल ओलं लागलं तर पडदा फाटलाय. पीयूसीच्या कागदावरचा सीओचा (कार्बन मोनॉक्साइडचा) आकडाही बघा, दर वेळी खिशात घालून विसरतो तो. मागच्या वेळेपेक्षा तो एकदम चढला असेल तर रिचला दुजोरा मिळतो.

आणि पर्ज व्हॉल्व्ह. टाकीतल्या वाफा कॅनिस्टरमध्ये (कोळशाच्या डब्यात) साठतात आणि हा व्हॉल्व्ह त्या इंजिनला पाजतो. करंट नसताना तो बंद हवा. कपलर काढून त्यातून फुंकर घाला, हवा पार गेली तर अडकलाय. ठरलेली खूण अशी, की पंपावर टाकी फुल केल्यावर लगेच गाडी स्टार्ट व्हायला कुरकुर करते. यात आपलाही हात असतो. नोझल कट झाल्यावर "राउंड फिगर करा" म्हणून अजून अर्धा लिटर ओतून घेतलं की पेट्रोल कॅनिस्टरपर्यंत पोचू शकतं. पहिल्या कटला थांबा, सुटे पैसे द्या.

दुरुस्तीनंतर

आता कोड पुसा. लाँग टर्म ट्रिम शून्यावर येतो आणि ईसीयू नव्याने शिकतो, म्हणून पहिल्या दहा किलोमीटरचे आकडे बघून नाचू नका. शहर, हायवे, चढ असं मिळून शंभरेक किलोमीटर होऊ द्या, मग त्याच तीन ठिकाणी बेरीज लिहा. पेंडिंग कोडचं पानही उघडून बघा. दिवा लागायच्या आधी कोड तिथे येऊन बसतो.

जाळी आणि फिल्टर बदलून, टाकी धुऊन, अर्धी टाकी ताजं पेट्रोल भरल्यावर माझे आकडे आले ते असे: आयडल अधिक ४, २,५०० ला अधिक ५, कसाऱ्यात अधिक ७. दाब रेसवरही २.९ ला टिकला. आता टाकी पावच्या खाली जाऊ देत नाही आणि आठवड्यातून एकदा वीसेक किलोमीटर पेट्रोलवर चालवतो. जुना सेन्सर डिकीत स्टेपनीशेजारी फडक्यात गुंडाळून ठेवलाय, तो अजून चालतो.